गाडीची हवा आणि हातात मावणारा पंप : घेण्याआधी काय बघाल?



मागच्या बैठकीत हिशेब झाल्यावर तीन-चार जणींनी एकच प्रश्न विचारला. "ताई, ते मोबाईलसारखं चार्ज होणारं हवा भरायचं मशीन घेऊ का? गटातून कर्ज मिळेल का?" प्रश्न चांगला आहे. कासार आंबोलीतून कोणी पहाटे पिरंगुटच्या कंपनीत पाळीला जाते, कोणी पौडला पंचायत समितीत, कोणी भाजी घेऊन कोथरूडकडे. दहा वर्षांपूर्वी गटातल्या एखाद-दुसरीकडे स्कूटी होती, आता निम्म्याजणी चालवतात. म्हणून या वेळचा धडा हवेवर.

आधी माझी चूक सांगते. दोन पावसाळ्यांपूर्वी मी असाच एक पंप घेतला. स्वस्त होता म्हणून घेतला, पावतीही नव्हती. दर पंधरा दिवसांनी अंगणातच हवा भरायचे आणि आकडा ३० दिसला की खूश व्हायचे. जुलैत मागे लेक आणि पायाशी दुधाची किटली घेऊन पिरंगुटकडे निघाले. वळणावर मागचं चाक शेपटीसारखं हललं आणि गाडी रस्त्याच्या कडेला चिखलात गेली. गुडघा सोलला, दूध सांडलं, लेकीला काही झालं नाही हे नशीब. मी रस्त्याला शिव्या दिल्या. पंक्चरवाल्या दादांनी त्यांचा मीटर लावला तर हवा २२! माझा पंप ३० दाखवत होता आणि चाकात भरत होता २२. तेव्हापासून मी आकड्यावर डोळे झाकून विश्वास ठेवत नाही. तुम्हीही ठेवू नका.

हवा किती हवी?

पंप घेण्याआधी आपल्या गाडीला किती हवा लागते ते माहीत हवं. बहुतेकींना ते माहीत नसतं. "भरा दादा तीस-पस्तीस," एवढंच आपण म्हणतो.

हा आकडा गाडीच्या पुस्तकात असतो, आणि बऱ्याच गाड्यांवर स्टिकरही असतं. आपल्याकडे खूप चालणाऱ्या एका स्कूटरला पुढे २२, मागे एकटीसाठी २९ आणि डबलसीट असेल तर ३६ पीएसआय हवा सांगितलेली आहे. म्हणजे मागे माणूस बसला की मागच्या चाकाला जास्त हवा लागते. तुमच्या गाडीचा आकडा वेगळा असू शकतो, तो तुमच्याच पुस्तकात बघा. पुस्तकात कधी पीएसआय लिहिलेलं असतं, कधी केपीए. २०० केपीए म्हणजे २९ पीएसआय आणि २५० केपीए म्हणजे ३६. किलोमध्ये लिहिलं असेल तर १ किलो म्हणजे साधारण १४ पीएसआय.

टायरवर कोरलेला मोठा आकडा हवा भरण्यासाठी नसतो. टायर जास्तीत जास्त किती सहन करेल ते तो सांगतो. तेवढी हवा भरू नका.

हवा मोजायची ती टायर थंड असताना, म्हणजे सकाळी, गाडी काढण्याआधी. गाडी चालवली की टायर तापतो, आतली हवा फुगते आणि आकडा दोन-तीनने वाढलेला दिसतो. मग वाटतं हवा पुरेशी आहे. चांगल्या टायरमधूनही महिन्याला एक-दोन पीएसआय आपोआप कमी होते, म्हणून पंधरा दिवसांनी एकदा बघायचं.

हवा कमी असेल तर टायर कडेने झिजतो, पेट्रोल जास्त जातं, टायर तापतो आणि वळणावर गाडी डोलते. हवा जास्त असेल तर टायर रस्त्याला कमी टेकतो आणि ओल्या रस्त्यावर ब्रेक लावला की घसरतो. दोन्हीत धोका आहे.

पंप कशाला उपयोगी, कशाला नाही

टायर दोन प्रकारचे. ट्यूबलेस टायरमध्ये खिळा गेला तर हवा हळूहळू जाते. अशा वेळी खिळा उपसू नका. पंपाने हवा भरा आणि हळू चालवत पंक्चरच्या दुकानापर्यंत जा. इथे हा पंप खरा कामाचा. पाळी सुटल्यावर अंधारात एकटीने गाडी ढकलण्यापेक्षा पाच मिनिटं हवा भरून निघता येतं.

ट्यूबच्या टायरमध्ये खिळा गेला की हवा झपाट्याने जाते. तिथे पंप फारसा उपयोगी नाही. भरलेली हवा लगेच निघून जाते. तारांच्या चाकाच्या मोटरसायकलला बहुतेक ट्यूबच असते. टायरच्या बाजूला ट्यूबलेस लिहिलेलं असलं तरी कधी कधी पंक्चरवाल्याने आत ट्यूब टाकलेली असते, म्हणून त्यांना विचारून घ्या.

टायर बाजूने फाटला असेल किंवा चाकाच्या कडेपासून सुटला असेल तर हा छोटा पंप काहीच करू शकत नाही. तेव्हा मदत बोलवायची.

घेताना या आठ गोष्टी बघा

१. तोटी आपल्या गाडीला बसते का. सगळ्यात आधी हेच. छोट्या चाकाच्या स्कूटीत हवेचा व्हॉल्व्ह आणि मधला ड्रम यांच्यात जागा कमी असते. ताठ तोटी आत जातच नाही. दुकानातच गाडीला लावून बघा. लवचीक नळी असलेला पंप घ्या, नाहीतर वाकडा जोड वेगळा घ्यावा लागतो.

२. ठरलेल्या आकड्यावर आपोआप बंद होतो का. आपण २९ लावलं की २९ ला थांबला पाहिजे. ही सोय नसलेला पंप घेऊ नका.

३. आकडा खरा आहे का. माझी चूक इथेच झाली. घेतल्याच्या दिवशीच पंपाने हवा भरा आणि दुसऱ्या मीटरने तपासा. एक-दोनचा फरक चालेल. पाच-सातचा असेल तर पंप परत करा.

४. बॅटरी किती. डब्यावर मोठ्या अक्षरात एमएएच लिहितात, त्यावर जाऊ नका. आत दोन सेल असतील तर एक कंपनी २००० लिहिते आणि दुसरी दोन्ही मिळून ४००० लिहिते, पण बॅटरी तेवढीच असते. वॉट-अवर किती ते बघा. ७.४ व्होल्ट आणि २००० एमएएच म्हणजे ७.४ × २ = साधारण १५ वॉट-अवर. ३.७ व्होल्ट आणि ४००० एमएएच म्हणजे ३.७ × ४ = तेवढेच १५. आपल्या दुचाकीला एवढी बॅटरी पुरते.

५. किती वेळ सलग चालतो. हे पंप लवकर तापतात. पुस्तिकेत किती मिनिटांनी थांबायचं ते लिहिलेलं असतं. स्कूटीचं अर्धं उतरलेलं चाक भरायला एक-दोन मिनिटं लागतात, मोटरसायकलच्या चाकाला थोडी जास्त. त्यामुळे आपलं काम होतं.

६. चार्जिंगची पिन. घरातल्या मोबाईलच्या वायरने चार्ज होणारा घ्या. वेगळी वायर हरवली की पंप माळ्यावर जातो.

७. टॉर्च. अंधारात व्हॉल्व्ह शोधायला याची गरज पडते. काही पंपांवरून मोबाईलही चार्ज होतो. पण मुलांनी मोबाईलला लावून बॅटरी संपवली की ऐन वेळी पंप मुका. घरात आधीच सांगून ठेवा.

८. पावती, वॉरंटी आणि खुणा. डब्यावर किंमत, बनवल्याचा महिना, कंपनीचा पत्ता आणि तक्रारीचा क्रमांक छापलेला हवा. लिथियम सेलसाठी भारतीय मानक ब्युरोची नोंदणी लागते, तीही बघा. पक्की पावती मागा. दुकानदाराने दाद दिली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर फोन करता येतो. माझ्याकडे पावती नव्हती, म्हणून मी गप्प बसले.

वापरायचं कसं

गाडी डबल स्टँडवर सपाट जागी लावा. व्हॉल्व्हचं टोपण काढून खिशात ठेवा, जमिनीवर ठेवलं की हरवतं. नळी घट्ट बसवा. पडद्यावर आत्ता किती हवा आहे ते दिसेल. हवा आहे तो आकडा लावा आणि चालू करा. आवाज मोठा येतो, घाबरू नका. बंद झाल्यावर नळीच्या टोकाला बोट लावू नका, पितळ तापलेलं असतं. पदराने किंवा फडक्याने धरा. नळी पटकन काढा. सावकाश काढली की सूं करून थोडी हवा जाते. आट्यांची नळी असेल तर एक-दोन आकडे जास्त लावून भरा. शेवटी टोपण लावा.

सायकलचा व्हॉल्व्ह वेगळा असू शकतो. मुलांच्या सायकलसाठी लागणारा जोड डब्यात आहे का ते बघून घ्या.

एक शंका नेहमी येते. चाकात नायट्रोजन भरलेला असेल तर साधी हवा चालते का? चालते. आपण श्वास घेतो त्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो.

सांभाळायचं कसं

उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत पंप कायमचा ठेवू नका. लिथियम बॅटरीला उष्णता सोसत नाही, ती फुगते. वजन अर्ध्या किलोच्या आसपास असतं, तेव्हा पिशवीत किंवा डब्याच्या बॅगेत सोबत ठेवा. पावसात प्लास्टिकच्या पिशवीत घाला. वापर नसला तरी दोन महिन्यांतून एकदा चार्ज करा. चार्जिंगला लावून झोपू नका आणि गादीवर ठेवून चार्ज करू नका. बॅटरी फुगली, वास आला किंवा पंप पाण्यात पडला तर तो चार्जिंगला लावू नका.

पैशाचा हिशेब

बाजारात असे पंप साधारण दीड हजारापासून तीन-साडेतीन हजारांपर्यंत मिळतात. २००० रुपयांचा घेतला असं धरू. गटातून अंतर्गत कर्ज घेतलं, महिना २ टक्के व्याज आणि दरमहा ५०० मुद्दल परत. व्याज पहिल्या महिन्यात ४०, मग ३०, २० आणि १०. चार महिन्यांत एकूण व्याज १०० रुपये, आणि ते आपल्याच गटात राहतात.

आता दुसरी बाजू. दुकानात हवेचे महिन्याला वीस रुपये जातात असं धरलं तर वर्षाचे २४०. पेट्रोल पंपावर तर हवा मोफतच असते, ती हक्काने मागायची. म्हणजे हवेचे पैसे वाचतील म्हणून पंप घेतलात तर हिशेब आठ वर्षं जुळणार नाही. घ्यायचाच असेल तर वेळेसाठी आणि सुरक्षिततेसाठी घ्या. जी रोज मुख्य रस्त्यानेच जाते आणि जिच्या वाटेत पेट्रोल पंप आहे, तिला घाई नाही. जी आडवाटेच्या वाडीवरून अंधारात येते-जाते, तिला तो उपयोगी. कमी पैशात हवा असेल तर पायाने मारायचा पंप निम्म्याहून स्वस्त मिळतो. त्याला चार्जिंग लागत नाही, थोडा दम लागतो एवढंच.

एका ताईने विचारलं, "यावर हवा भरायचा धंदा होईल का?" नाही होणार. चार-पाच चाकांनंतर तो तापतो आणि बॅटरी संपते. धंद्याला टाकीचा कॉम्प्रेसर लागतो, त्याचा हिशेब वेगळा. या पंपासाठी व्यवसाय कर्ज मागू नका.

शेजारच्या तिघी-चौघींनी मिळून एक घ्यायचा असेल तर चार्जिंग कोणाकडे आणि वस्तू कोणाकडे ते आधी वहीत लिहा. सगळ्यांची वस्तू कोणाचीच नसते, हे आपण सतरंज्या आणि पातेल्यांवरून शिकलोच आहोत.

पुढच्या बैठकीत करायचं काम

आपल्या बचतीला जशी पंचसूत्री आहे, तशी हवेचीही लक्षात ठेवा : पंधरा दिवसांनी तपासणी, थंड टायर, पुस्तकातला आकडा, दोन मीटरची खात्री आणि टोपण परत जागेवर.

ज्यांच्याकडे गाडी आहे त्यांनी गाडीचं पुस्तक घेऊन या. आपला आकडा शोधा आणि डिकीच्या झाकणाच्या आतून रंगाने लिहून टाका : पुढे किती, मागे एकटीसाठी किती, डबलसीट किती. मग या तीन प्रश्नांवर बोलू :

१. तुमच्या गाडीचा टायर ट्यूबचा की ट्यूबलेस?
२. तुमच्या रोजच्या वाटेवर हवा भरायची सोय कुठे कुठे आहे, आणि ती किती वाजता बंद होते?
३. रात्री गाडी बंद पडली तर गटातल्या कोणाला फोन कराल?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर प्रत्येकीच्या मोबाईलमध्ये नंबरासकट असू द्या. पंप घेतलात तरी आणि नाही घेतलात तरी.