आदेशानंतरची पोटगी

चि. मधुरा हिस,


कौटुंबिक न्यायालयात तू आता स्वतःच्या नावाने वकीलपत्र दाखल करू लागली आहेस, म्हणून हे लिहिते. पोटगीचा आदेश झाला की वकील समाधानाने फाईल बांधून ठेवतात आणि अशिलाची खरी वणवण तिथूनच सुरू होते. घरभाडं आणि मुलांची फी दरमहा भरावी लागते. थकबाकी मात्र तारखांच्या चालीने चालते. तेव्हा वसुलीला खटल्याचा शेवटचा टप्पा मानू नकोस. पहिला अर्ज लिहितानाच नवऱ्याचा पैसा कुठून येतो आणि तो कुठे अडवता येईल, हे शोधून ठेव.

पैसे थकवले तर नवऱ्याला आत टाकता येतं आणि तेवढ्या धाकाने काम भागतं, असा सार्वत्रिक समज आहे. कायदा नीट वाच. फौजदारी प्रक्रिया संहितेचं जुनं कलम १२५, म्हणजे १ जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४, आधी दंडवसुलीच्या पद्धतीने वॉरंट काढायला सांगतं. त्यानंतरही बाकी राहिली, तर थकलेल्या महिन्यापोटी जास्तीत जास्त एक महिन्याची कैद. कैद भोगल्याने थकबाकी फिटत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्येच स्पष्ट केलं आहे. शिवाय आत बसलेला माणूस त्या महिन्यात कमावत नाही. याउलट पगारजप्तीकडे पाहा. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० नुसार इतर देण्यांच्या वसुलीत पगारातले पहिले हजार रुपये आणि उरलेल्याचा दोन तृतीयांश भाग सुरक्षित राहतो. पोटगीच्या हुकूमनाम्यात फक्त एक तृतीयांश. बायकामुलांचं देणं सावकाराच्या देण्याहून मोठं, हे कायद्याने आकड्यांतच मांडलं आहे. कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम २० खाली तर नोकरी देणाऱ्यालाच पगारातून रक्कम वळती करायला सांगता येतं. धाक हाताशी असावा, पण भरवसा पैशाच्या उगमावर ठेवावा.

यावर तू म्हणशील, पगाराची चिठ्ठी मिळणारे नवरे किती? दुकानदार, ठेकेदार, दलाल यांची मिळकत कागदावर दिसतच नाही. अडचण खरी आहे. म्हणूनच नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयातून निघालेल्या ‘रजनेश विरुद्ध नेहा’ प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२० रोजी दोन्ही पक्षांना मालमत्ता आणि देण्यांचं प्रतिज्ञापत्र देणं बंधनकारक केलं, आणि पोटगीचा आदेश पैशाच्या हुकूमनाम्यासारखा अमलात आणता येतो असंही सांगितलं. ते प्रतिज्ञापत्र उपचार म्हणून फाईलला लावू नकोस. बँकखाती, वाहनं, सातबारा, भाड्याने दिलेले गाळे अशी उद्याच्या दरखास्तीतली जप्तीची यादी त्यातूनच तयार होते. जमीन असेल तर जिल्हाधिकाऱ्यांमार्फत महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसुली मागता येते. दुसरा आक्षेप असा की सगळेच मुद्दाम थकवत नाहीत; नोकरी जाते, आजार येतो. मान्य. त्यासाठीच नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४६ खाली रक्कम बदलून मागण्याचा मार्ग ठेवला आहे. परिस्थिती बदलली तर न्यायालयाला सांगायचं, मनाने पोटगी बंद करायची नाही. उद्या नवऱ्याच्या बाजूने उभी राहिलीस तरी त्याला हेच सांग.

मुदतीचं भान मात्र ठेव. कलम १४४ खालचं वॉरंट रक्कम देय झाल्यापासून वर्षाच्या आत अर्ज केला तरच निघतं. ‘देईल आज ना उद्या’ म्हणत वर्ष उलटलं की जुन्या महिन्यांसाठी हा जवळचा रस्ता बंद होतो. अशिलाला महिनावार जमा-बाकीची वही ठेवायला लाव आणि ती दर तारखेला तपास. नवरा गाव सोडून गेला तरी तिला धीर दे. तो जिथे असेल तिथल्या दंडाधिकाऱ्यापुढे आदेश बजावता येतो आणि त्यासाठी आदेशाची प्रत विनामूल्य मिळते. आदेश होईल त्या दिवशी वसुली अर्जाचा मसुदा तुझ्या फाईलमध्ये तयार असू दे.

तुझी,
आत्या