विहिरीवर उघडलेल्या पुस्तिकेत पान चटकन सापडावे म्हणून

शेतपंपाची माहितीपुस्तिका कुणी पहिल्या पानापासून वाचत नाही. मोटर फिरते आहे, पाणी येत नाही आणि वीज जायच्या आत वाफे भिजवायचे आहेत, अशा वेळी ती उघडली जाते.

१. आधी तक्रारी गोळा करा. मोटर दुरुस्तीच्या दुकानात बसा आणि लोक बोलतात तसेच टिपून घ्या : ‘पाणी ओढत नाही’, ‘हवा धरते’, ‘स्टार्टर टिकत नाही’. ही भाषा शुद्ध करायला जाऊ नका.

२. मथळ्यात काम सांगा. नुसते ‘प्रायमिंग’ नको. ‘पंपात पाणी भरून हवा काढणे’ असे लिहा. पंपाची रचना, कंपनीचा इतिहास वगैरे शेवटी.

३. मुखपृष्ठ उलटताच तक्रारींचा तक्ता द्या. ‘मोटर फिरते, पाणी येत नाही’ यापुढे कारणे, आणि ती तपासायला सोपी ते अवघड या क्रमाने : पंपातले पाणी उतरले का, सक्शन पाइपच्या सांध्यातून हवा शिरते का, फूटव्हॉल्व्ह गळतो का. थ्री-फेज मोटरच्या वायरी नुकत्याच सोडून जोडल्या असतील, तर ती उलटी फिरते का हेही. प्रत्येकापुढे पान क्रमांक हवाच.

४. आता सूची. खरी मेहनत इथे आहे आणि नेमकी हीच बहुतेक पुस्तिकांत नसते. एकच गोष्ट दोन-तीन नावांनी नोंदवा : ‘फूटव्हॉल्व्ह’ही आणि गावाकडचा ‘फुटबॉल’ही. ‘अमुक पाहा’ म्हणून वाचकाला पळवू नका, दोन्हीकडे पान क्रमांक द्या. क्रम संगणकाने लावला असेल तर तपासा. तो अनेकदा ‘क्षमता’ हा शब्द ‘क’मध्ये टाकतो, वाचक मात्र मुळाक्षरांच्या टोकाला, ‘ह’नंतर शोधतो.

५. पीडीएफ युनिकोड फाँटमध्येच करा. जुन्या फाँटमधला मजकूर दिसतो मराठी, पण आत साठतात वेगळीच चिन्हे. मोबाइलवर शोध घेतला तर काहीच हाती लागत नाही.

६. छापण्याआधी पुस्तिका न पाहिलेल्या माणसाला एक तक्रार सांगा आणि गप्प बसा. तो आधी कुठे शोधतो ते बघा. त्याने शोधलेला, न सापडलेला प्रत्येक शब्द सूचीत घाला. पान सापडल्यावर तिथे ‘मागे सांगितल्याप्रमाणे’ असे निघाले, तर मागचा मजकूर तिथे पुन्हा छापा. ‘आधी मेन स्विच बंद करा’ हे तर प्रत्येक कृतीच्या पहिल्या ओळीत, कितीही वेळा आले तरी.