कापडाचा ताण मोजणारा प्रकाश

आपल्या कुक्षीच्या बाजारात बाघ-छपाईचे तांबडे-काळे कापड आपण नित्य पाहतो. कित्येक घरांतील पेटाऱ्यांत आजीच्या काळची पैठणीही जपून ठेवलेली असते. असे एखादे वस्त्र भिंतीवर टांगले, तर ते स्वस्थ दिसते. परंतु त्याच्या वरच्या भागातील सूत खालच्या सर्व भागाचे वजन रात्रंदिवस पेलत असते. ते हळूहळू लांबते आणि एके दिवशी तुटते. लोखंड व हिरडा यांच्या संयोगाने होणारा काळा रंग तर कालांतराने सुताला दुर्बलच करतो. फाटलेले वस्त्र सांधता येते, पण झिजलेले सूत पुन्हा नवे होत नाही. म्हणून वस्त्र किती ताणले जात आहे, हे ते फाटण्यापूर्वीच कळावयास हवे.

प्रथम शब्दांचा अर्थ नीट समजून घेऊ. व्यवहारात आपण सर्वालाच ‘ताण’ म्हणतो. शास्त्रात मात्र ओढणारे बल निराळे आणि त्यामुळे वस्तूच्या लांबीत पडणारा फरक निराळा. या फरकाचे मूळ लांबीशी जे प्रमाण, त्यास ‘विकृती’ म्हणतात. एक मीटर कापड एक मिलिमीटरने लांबले, तर विकृती हजारात एक झाली. इतका फरक नुसत्या डोळ्यांना कळत नाही. तो प्रकाशाला कळतो.

केसासारख्या बारीक काचतंतूंच्या जुडीतून चित्र पलीकडे नेता येते, हे मोगा येथे जन्मलेले नरिंदरसिंग कपानी व त्यांचे गुरू हॉपकिन्स यांनी १९५४ मध्ये लंडनहून प्रसिद्ध केले. पुढे १९७८ मध्ये कॅनडातील केनेथ हिल व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा तंतूच्या गाभ्यात प्रकाशाच्याच साहाय्याने समान अंतरावर सूक्ष्म पट्टे उमटविले. या पट्ट्यांच्या रांगेला ‘जालक’ म्हणतात. एका मिलिमीटरात असे सुमारे १,९०० पट्टे असू शकतात. प्रत्येक पट्टा थोडासा प्रकाश परत पाठवितो. परंतु ज्या एका रंगाच्या लहरी पट्ट्यांमधील अंतराशी जुळतात, तोच रंग ठळकपणे परत येतो. हा नियम लॉरेन्स ब्रॅग यांनी १९१२ मध्ये स्फटिक व क्ष-किरण यांच्या बाबतीत शोधला होता. त्याबद्दल १९१५ मध्ये त्यांना वडिलांसह नोबेल पारितोषिक मिळाले, तेव्हा ते अवघे पंचवीस वर्षांचे होते.

आता तंतू ताणला, की पट्ट्यांमधील अंतर वाढते आणि परत येणारा रंग बदलतो. हजारात एक इतकी विकृती झाली, तर लहरीची लांबी साधारण सव्वा ते दीड नॅनोमीटरने, म्हणजे मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागाइतक्या मापाने, वाढते. उपकरण हा बदल टिपते. असे जालक घडविण्याचे काम आपल्या शेजारच्या इंदूर शहरीही झाले आहे. तेथील राजा रामण्णा प्रगत प्रौद्योगिकी केंद्रातील शास्त्रज्ञांनी तांब्याच्या वाफेवर चालणाऱ्या लेसरच्या हिरव्या प्रकाशापासून २५५ नॅनोमीटरचा अदृश्य अतिनील प्रकाश मिळविला व त्याने काचतंतूत जालके कोरली.

मग हाच काचतंतू कापडाला चिकटविला तर? येथे खरी अडचण उभी राहते. पूल किंवा धरण यांच्यापुढे काचेचा तंतू नगण्य असतो. पण मऊ कापडापुढे तो ताठर ठरतो. जेथे तो चिकटविला, तेथील कापडाला तो ताणूच देत नाही, आणि माप खऱ्यापेक्षा कमी येते. मोजणाराच मोजण्याच्या वस्तूला आवरून धरतो!

यावर उपाय म्हणजे ॲक्रिलिक जातीच्या प्लॅस्टिकचा तंतू. तो काचेहून वीस पटींपेक्षा अधिक लवचीक असतो. अशा तंतूत जालक उमटविण्यात ऑस्ट्रेलियातील पेंग व त्यांच्या सहकाऱ्यांना १९९९ मध्ये यश आले. त्यानंतर सुमारे दहा वर्षांनी इंग्लंडमधील संशोधकांनी जुन्या चित्रपटांच्या, म्हणजे भिंतीवर टांगण्याच्या विणीव चित्रवस्त्रांच्या, रक्षणासाठी असे तंतू कापडावर लावून पाहिले. काचतंतूच्या मानाने ते कापडाला फारच कमी आवळतात, असे दिसून आले.

या तंतूलाही दोष आहेत. आपल्याकडील काळी माती पावसात फुगते, तसा तो हवेतील ओलावा शोषून किंचित फुगतो. उष्णतेनेही त्याचे माप बदलते. म्हणून शेजारी दुसरा तंतू मोकळा ठेवतात. त्याच्यात दिसणारा बदल हवेचा. तो वजा केला, की उरतो तो ताणाचा. शिवाय यात प्रकाश लवकर क्षीण होतो, म्हणून त्याचा लहानसा तुकडाच काचतंतूला जोडून वापरतात.

अशी उपकरणे घरी असणे शक्य नाही. परंतु त्यांनी शिकविलेली गोष्ट घरी आचरता येईल. जुने वस्त्र खिळ्याला टांगू नये, एकाच घडीत वर्षानुवर्षे ठेवू नये. स्वच्छ सुती कापडात सैल गुंडाळून ते कोरड्या जागी आडवे ठेवावे. ज्या सुताने तीन पिढ्यांना ऊब दिली, त्याला विश्रांती देणे आपल्या हाती आहे.