फ्लेक्सवरचा पत्ता

तीन वर्षांपूर्वीच्या जानेवारीत आमच्या सोसायटीची सहल केळव्याला गेली. बोईसरहून सकाळची गाडी, उमरोळी, पालघर, मग केळवे रोड, आणि तिथून रिक्षांनी समुद्र. शितलादेवीचं दर्शन, सुरूच्या सावलीत चटया, दुपारी मडक्यातली उकडहंडी, ऊन उतरल्यावर पोरांचं पाण्यात डुंबणं. बेचाळीस माणसं, अकरा मोबाइल. मी सोसायटीची सेक्रेटरी, त्यामुळे वर्गणीपासून कचऱ्याच्या पिशव्यांपर्यंत सगळं माझ्याच गळ्यात. फोटोही.

परतीच्या गाडीतच ग्रुपवर फोटो पडायला लागले. रात्री दहापर्यंत तीनशेच्या वर गेले. एकाच लाटेचे सात, कुणाच्या तरी अंगठ्याचे दोन. पहिल्या मजल्यावरच्या काकांचा फोन भरून बंद पडायला आला. "अगं, हे आवर कुणीतरी," असा त्यांचा बायकोच्या फोनवरून निरोप आला. मग मी शहाणपणा केला. सगळे फोटो मागवून गुगल फोटोजमध्ये एक अल्बम केला, त्याची लिंक काढली आणि सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली. नमस्कार, टाळ्या, फुलं. लागलं एकदाचं मार्गी, म्हणून मी झोपले.

त्या लिंकला ना पासवर्ड लागत होता, ना कुणाची परवानगी. ती ज्याच्या हातात पडेल त्याला अख्खा अल्बम खुला. हे मला ठाऊक नव्हतं, असं म्हणणार नाही. स्क्रीनवर तसं लिहिलेलं होतं, मी वाचलंही होतं. पण 'ज्याच्या हातात' म्हणजे माझ्या डोळ्यांसमोर आमच्या चार मजल्यांचीच माणसं होती.

पहिला फटका विनोदी होता. तारापूर एमआयडीसीतल्या एका कारखान्यात सेकंड शिफ्टला असलेल्या आमच्या एका भाऊंनी त्या दिवशी 'ताप आहे' म्हणून खाडा केला होता. सोमवारी सुपरवायझरने त्यांना त्यांचाच फोटो दाखवला: हातात उकडहंडीची पत्रावळ आणि तोंडभर हसू. लिंक कारखान्यात कशी पोचली, ते आजवर कळलं नाही. आम्ही पोट धरून हसलो. तेव्हाच शहाणं व्हायला हवं होतं.

दुसऱ्या गोष्टीवर हसता येत नाही. तिसऱ्या मजल्यावर एक बाई तिच्या भाऊ-वहिनीकडे राहायला आली होती. पदरात सहा वर्षांची मुलगी. नवरा मारायचा म्हणून घर सोडलेलं, कोर्टात प्रकरण चालू, आणि ती कुठे आहे हे सासरी कुणाला माहीत नव्हतं. यातलं मला काहीच ठाऊक नव्हतं. सहलीत ती प्रत्येक फोटोच्या वेळी बाजूला व्हायची. कधी पाण्याची बाटली आणायला, कधी मुलीची चप्पल शोधायला. मला वाटलं, नवीन आहे, लाजते. ग्रुप फोटोच्या वेळी मीच तिचा हात धरला. "अगं ये ना, तुझ्यावाचून काय अडलंय म्हणतेस की काय?" सगळ्यांसमोर नाही म्हणणं तिला जमलं नाही. मुलगी तर पुढच्याच रांगेत, शाळेचा पीटीचा टी-शर्ट घालून.

चौथ्या मजल्यावरच्या वहिनींनी लिंक त्यांच्या बहिणीला पाठवली. बहिणीने चांगले दिसलेले दोन फोटो स्टेटसला ठेवले. पुढचा प्रवास मला तुकड्या-तुकड्यांनीच कळला. कुणाचाही हेतू वाईट नव्हता, हे मात्र नक्की. नवव्या दिवशी दुपारी गेटवर एक माणूस उभा होता. मोबाइलवरचा आमचा ग्रुप फोटो वॉचमनसमोर धरून तो विचारत होता, "ही बाई कुठल्या मजल्यावर राहते?"

नंतर पुष्कळ जणांनी मला विचारलं, फोटोत लोकेशन राहिलं होतं का? मोबाइलने काढलेल्या फोटोच्या पोटात अक्षांश-रेखांश लपलेले असू शकतात, हे खरं. पण इथे तेवढ्या करामतीची गरजच पडली नाही. ग्रुप फोटोत मागे आम्ही हौसेने बनवलेला फ्लेक्स होता: सोसायटीचं नाव, रस्ता, बोईसर (पश्चिम). आणि मुलीच्या छातीवर शाळेचं नाव.

वॉचमनने "इथे कुणी नाही" म्हणून त्याला घालवलं. त्या वॉचमनला मी साधा चहासुद्धा कधी विचारला नव्हता. पण आख्ख्या सोसायटीत त्या दिवशी डोकं ठिकाणावर होतं ते त्याचं. महिनाभरात ती बाई मुलीला घेऊन दुसरीकडे गेली. शाळा वर्षाच्या मध्येच बदलावी लागली. मी माफी मागायला वर गेले, तर तिनेच मला पाणी दिलं.

एका क्लिकने काय होतं, हे खरं तर पालघरकरांना कुणी सांगायला नको. नोव्हेंबर २०१२मध्ये, बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद राहिली, त्यावर पालघरच्या एका तरुणीने फेसबुकवर चार ओळी लिहिल्या. तिच्या मैत्रिणीने त्या 'लाइक' केल्या. दोघींना अटक झाली, एकीच्या काकांच्या दवाखान्याची मोडतोड झाली. पुढे त्या प्रकरणामुळे श्रेया सिंघल ही तरुणी सर्वोच्च न्यायालयात गेली आणि २४ मार्च २०१५ रोजी माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६ अ हे कलमच रद्द झालं. न्याय झाला. पण दवाखाना फुटला होता तो २०१२मध्ये. त्या मुलींची गोष्ट वेगळी. त्या आपलं मत मांडत होत्या आणि तो त्यांचा हक्क होता. मला त्यातून घ्यायचं आहे ते इतकंच, की आपल्या माणसांसाठी म्हणून टाकलेली गोष्ट परक्यांपर्यंत जायला काही तास पुरतात आणि कायदा मागून येतो, वर्षांच्या हिशेबाने. २०२३चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहेच की, असं आमच्या मीटिंगमध्ये एकजण म्हणाले. पण कुणी आपल्या खासगी किंवा घरगुती कामासाठी माहिती हाताळली, तर तिथे तो कायदा लागूच होत नाही. बहिणीच्या स्टेटसवर तो काय करणार?

तेव्हापासून सहल असो, हळदीकुंकू असो की गणपती, फोटोंचं काम मी वेगळ्या तऱ्हेने करते. 'कुठलं ॲप चांगलं' असं लोक विचारतात. मी म्हणते, ॲपचं नंतर बघू. आधी ज्यांना फोटोत यायचं नाही त्यांना ते सांगता आलं पाहिजे, आणि चारचौघांत कुणी हात वर करत नाही. म्हणून वर्गणी घेताना दारात, एकेकट्याला विचारायचं: "फोटो ग्रुपवर गेले तर चालतील ना? मुलांचे?" कारण विचारायचं नाही. गेल्या वर्षी तिघांनी नको म्हटलं. ते का, हे मला आजही माहीत नाही. कॅमेरा वर गेला की जो बाजूला सरकतो, त्याला सरकू द्यायचं. तारापूरच्या अणुऊर्जा केंद्राभोवती फोटो काढायचे नसतात, हे इथलं शाळकरी पोरही जाणतं आणि पाळतं. तिथली पाटी आपण निमूट मानतो. माणसाच्या अंगावर पाटी नसते, एवढाच फरक.

फ्लेक्सवर आता फक्त 'सहल' आणि साल असतं. शाळेचे कपडे घालून मुलांना आणू नका, असा निरोप आदल्या दिवशी जातो.

आता ॲपचं. व्हॉट्सॲपचा ग्रुप दहा-पंधरा माणसांच्या घरच्या कार्यक्रमाला ठीक. मोठ्या ग्रुपात प्रत्येक फोटो प्रत्येकाच्या गॅलरीत जाऊन बसतो. 'डिलीट फॉर एव्हरीवन' करायला साधारण अडीच दिवस मिळतात खरे, पण तोवर कुणी फोटो दुसरीकडे ठेवला असेल तर तो ठेवलाच. शिवाय फोटो फोटो म्हणून पाठवला तर व्हॉट्सॲप आतली लोकेशनची नोंद काढून टाकतं. स्पष्ट दिसावा म्हणून 'डॉक्युमेंट' करून पाठवला, तर ती नोंद तशीच जाते. आमच्याकडचे हौशी फोटोग्राफर नेमकं हेच करतात. फेसबुकवर तर सहलीचा अल्बम नकोच. 'फक्त मित्रांना' अशी सेटिंग ठेवली तरी कुणाला टॅग केलं की सहसा त्याच्या मित्रांनाही तो दिसतो.

आम्ही गुगल फोटोजच ठेवलं आहे. दोष त्याचा नव्हता, मी दार सताड उघडं टाकलं होतं. आता लिंक शेअरिंग बंद, घरटी एकाचा ईमेल घेऊन तेवढ्यांनाच निमंत्रण, फोटोचं ठिकाण दाखवण्याची सोय बंद. काही जण गुगल ड्राइव्हचं फोल्डर करतात. तेही चालतं, मात्र 'एनीवन विथ द लिंक' दिसलं की तिथे बोट थांबवायचं. ड्राइव्हमध्ये नुसतं बघणाऱ्यांसाठी डाउनलोडही बंद करता येतं. स्क्रीनशॉट तरीही निघतो, तेव्हा त्या सोयीवर विसंबून राहू नका. दोन अल्बम करायचे, हे मी ठेच लागल्यावर शिकले: सगळ्यांचा मिळून एक, त्यात निवडक पंचवीस-तीस फोटो, आणि मुलांचे, पाण्यातले, ओल्या कपड्यांतले ज्याचे त्याला स्वतंत्र. महिनाभराने सगळ्यांचा अल्बम काढून टाकायचा. ज्याला फोटो हवेत त्याने तोवर घेतलेले असतात, आणि ज्याने घेतले नाहीत त्याला ते नको असतात.

हल्ली लग्नात नवीन चाल आली आहे. हॉलच्या दारात क्यूआर कोड लावलेला असतो. तो स्कॅन करायचा, स्वतःचा सेल्फी द्यायचा, की आपण असलेले सगळे फोटो हजर. पालघरच्या एका लग्नात मीही मोहाने फोन बाहेर काढला होता. मग मनात आलं, माझा चेहरा कुठे साठवला जाणार, किती दिवस, आणि दुसऱ्याच कुणी माझा फोटो दाखवून शोध घेतला तर? फोटोग्राफरला विचारलं. तो म्हणाला, "मॅडम, ते कंपनीला माहीत." पासवर्ड फुटला तर बदलता येतो, चेहरा कसा बदलणार? मी फोन पर्समध्ये टाकून जेवायला गेले.

हे सगळं करताना कटकट होते, हे खरं. "सेक्रेटरीबाई फोटोंवर पहारा देतात," असं मागून बोलतात, कधी पुढूनही. पहिल्या मजल्यावरच्या काकांकडे ईमेलच नाही. त्यांच्यासाठी मी स्टुडिओतून आठ-दहा प्रिंट काढून आणते. गंमत म्हणजे आता चार घरं तेच मागतात.

केळव्याच्या त्या अल्बममध्ये त्या मुलीचे तीन फोटो होते. एकात ती ओल्या वाळूत शंख शोधते आहे, चेहरा दिसत नाही, नुसत्या दोन वेण्या. अल्बम पुसून टाकण्याआधी मी तिन्हींच्या प्रिंट काढल्या आणि पाकिटात घालून तिसऱ्या मजल्यावर तिच्या मामीकडे दिल्या. "पोचव जमेल तेव्हा," म्हटलं. ती पाकीट उलटसुलट करत म्हणाली, "वर नाव-पत्ता नाही घातलात?" मी म्हटलं, कोराच राहू दे.