पाण्याची परीक्षा आणि भांड्याचा गुण

पितळेच्या भांड्याची कल्हई उडाली म्हणजे त्यांतलें ताक कळकतें, हें तुमच्या मातोश्रींस सांगावयास नको. दोष ताकाचा नव्हे, भांड्याचा. पाण्यांतील हार्मोन मोजणारांसही हीच अडचण पडते.

हार्मोन अथवा संप्रेरक म्हणजे शरीरांतील ग्रंथींनीं रक्तांत सोडलेलें, अवयवांस निरोप पोंचविणारें द्रव्य. माणसांच्या व गुरांच्या मूत्रावाटें तें नदींत उतरतें. धरणाचा साठा ज्या दशलक्ष घनमीटरांनीं मोजतात, तशा एका दशलक्ष घनमीटर पाण्यांत अवघा एक ग्रॅम हार्मोन मिसळला, तर लिटरमागें एक नॅनोग्रॅम होतो. एवढ्याची काय मातबरी, असें वाटेल. परंतु कॅनडांतील एका प्रायोगिक सरोवरांत २००१ ते २००३ या काळीं लिटरमागें ५-६ नॅनोग्रॅम कृत्रिम स्त्री-हार्मोन राखलें, तेव्हां तेथील एका लहान माशाची जात जवळजवळ नष्ट झाली.

आतां समजा, नांदेडास गोदावरीचें किंवा लातूरकडे मांजरेचें पाणी आम्हीं प्लास्टिकच्या बाटलींत भरलें. स्त्री-हार्मोनासारखीं द्रव्यें पाण्यापेक्षां तेलकट पदार्थांशीं अधिक सलगी करतात, व प्लास्टिक त्याच कुळांतलें. म्हणून तीं बाटलीस व रबरी नळीस चिकटतात. गाळण्यास नायलॉनची चकती घेतल्यास पुष्कळसा अंश तिच्यावरच राहतो. यंत्र बिचारें प्रामाणिकपणें कमी आंकडा दाखवितें, आणि नदी शुद्ध ठरते!

याच्या उलटही घडतें. अमेरिकेंतील स्टॅनफर्ड विद्यापीठांत यीस्ट स्त्री-हार्मोनासारखें द्रव्य निर्माण करतें कीं काय, याचा शोध चालला होता. तें द्रव्य सांपडलेंही. पण यीस्ट निर्दोष निघालें. पॉलिकार्बोनेटच्या चंबूंत पाणी वाफेच्या दाबाखालीं तापवितांना चंबूंतूनच बिस्फेनॉल-ए नांवाचें द्रव्य झिरपत होतें. हा वृत्तांत १९९३ मध्यें प्रसिद्ध झाला. भांडेंच हार्मोनाचें सोंग घेऊन उभें राहिलें होतें.

म्हणून अशा परीक्षेस कांचेची, द्रावकानें धुतलेली बाटली व कांचतंतूंची गाळणी घेतात. कांचही अगदीं निर्लेप नाहीं. म्हणून रिकाम्या बाटलीची भिंत मेथेनॉलनें विसळून तें विसळणही नमुन्यांत मिळवितात. शिवाय शुद्ध पाण्याची एक बाटली नदीकांठीं नेऊन, तेथें उघडून, परत आणून तिचीही तशीच परीक्षा करतात. तींत हार्मोन आढळलें, तर तें गोदावरीचें नव्हे हें निश्चित. मग नळी, बूच व चकती एकेक करून तपासावयाचीं.