पडदा मागे, लिंबू हातात

प्रश्न : मी श्रीगोंद्यात लिंबू विकणाऱ्या शेतकरी उत्पादक कंपनीत काम करते. बांधावर तासभर बोलते. पण पुण्यात व्यापाऱ्यांसमोर पाच मिनिटांचं सादरीकरण म्हटलं की घशाला कोरड पडते. बढतीही त्यातच अडली आहे. काय करू?
– एक वाचक, श्रीगोंदा

उत्तर : ताई, बांधावर तासभर बोलणाऱ्याला बोलता येत नाही, असं कोण म्हणेल? तुमची गाडी अडते ती पडद्यावरचं वाचून दाखवताना. वाचायला समोरच्यांनाही येतं.

‘सर्वप्रथम मी आभार मानते’ हे गाळाच. पिशवीतून कागदी लिंबू काढा, सगळ्यांसमोर कापा, रस पिळा. मग सांगा : हस्त बहराचं हे फळ उन्हाळ्यात, ऐन मागणीत येतं, आम्ही आठवड्याला इतका माल देऊ. एवढं झालं की निम्मं काम झालं. पहिलं आणि शेवटचं वाक्य तेवढं पाठ करा; मधलं पाठ केलंत तर एक शब्द निसटला की सगळंच घसरतं.

बोलीची लाज नको. तुमच्याच गावच्या संत शेख महंमदांनी ‘योगसंग्राम’मध्ये योगासारखा अवघड विषय मराठी ओवीत मांडला, तुम्हाला तर फक्त लिंबाचा भाव सांगायचाय! आकडा सांगितल्यावर मात्र क्षणभर थांबा. घाबरलेला माणूस नेमका तिथंच पळतो.

पुण्याला जाण्याआधी चार शेतकऱ्यांसमोर तालीम करा. कंटाळा आला तर ते तोंडावर सांगतील.