दीर्घ पल्ल्याचा धावक आणि बलसंवर्धन : आरंभ कसा करावा?

गेल्या माजी विद्यार्थी मेळाव्यात, दुपारच्या पंगतीत, एक निर्णय झाला. त्याला ठराव म्हणावा इतका तो औपचारिक नव्हता. आपल्या शाळेतून बाहेर पडलेल्या निरनिराळ्या तुकड्यांतील वीस-पंचवीस जणांनी येत्या जानेवारीत मुंबईच्या मॅरेथॉनमध्ये अर्धमॅरेथॉन, म्हणजे २१.०९७५ किलोमीटर, धावावयाची असे ठरले. त्या दिवसापासून मजकडे प्रश्नांचा ओघ सुरू आहे. मी याच वसतिगृहात वाढलो आणि पुढे आयुष्यभर क्रीडाशिक्षक म्हणून काम केले, त्यामुळे हे साहजिकच आहे. प्रश्न बहुतेक बुटांविषयी आणि आहाराविषयी असतात. मात्र मी उत्तरादाखल आठवड्यातून दोन दिवस वजन उचलण्याचा विषय काढला, की समोरचा गप्प होतो. ‘सर, आम्हाला पळायचे आहे, पैलवान व्हायचे नाही,’ असे एका विद्यार्थिनीने मला स्पष्टच सुनावले. स्मरणिकेच्या संपादक मंडळाने लेख मागितला, तेव्हा तिच्या या आक्षेपाचेच सविस्तर उत्तर द्यावे असे मनात आले.

हा आक्षेप एके काळी माझाही होता. चाळिशीच्या उंबरठ्यावर मी साताऱ्याच्या डोंगरी अर्धमॅरेथॉनमध्ये भाग घेतला. शहरातून निघून यवतेश्वराचा घाट चढायचा आणि त्याच वाटेने परत उतरायचे, असा तो मार्ग आहे. तोपर्यंत सात वर्षे मी नियमित धावत होतो आणि आपले पाय मजबूत आहेत याविषयी मला तिळमात्र शंका नव्हती. चढ उत्तम गेला. घात केला तो उताराने. सोळाव्या किलोमीटरच्या आसपास मांड्या थरथरू लागल्या, पुढे डाव्या गुडघ्यात कळ उठली आणि अखेरचे तीन किलोमीटर मी लंगडत चाललो. नंतर एका फिजिओथेरपिस्टने मला साध्या लाकडी खुर्चीवर बसविले आणि एका पायावर उभे राहण्यास सांगितले. उजव्या पायावर कसाबसा उठलो. डाव्यावर उठताच आले नाही. सात वर्षांच्या धावण्याने छाती आणि फुप्फुसे घडविली होती, पण स्वतःच्या देहाचा भार एका पायावर पेलण्याचे बळ दिले नव्हते. ही खुर्चीची परीक्षा वाचकांनी आजच, हा लेख बाजूला ठेवून, करून पाहावी.

ही परीक्षा इतकी महत्त्वाची का? धावणे म्हणजे एका पायावरून दुसऱ्या पायावर घेतलेल्या उड्यांची मालिका होय. एका किलोमीटरला साधारण हजार पावले धरली, तर अर्धमॅरेथॉनमध्ये प्रत्येक पाय दहा हजारांहून अधिक वेळा जमिनीवर आदळतो, आणि प्रत्येक वेळी त्यावर शरीराच्या वजनाच्या दुप्पट ते तिप्पट भार येतो. उतारावर मांडीच्या पुढच्या स्नायूला आणखी एक कठीण काम करावे लागते. ताणले जात असतानाच त्याला ब्रेकसारखे आवळून धरावे लागते. हा स्नायू थकला, की तो भार गुडघ्याच्या सांध्यावर आणि कंडरांवर जातो. माझ्या बाबतीत घाटात नेमके हेच घडले.

आता विद्यार्थिनीच्या आक्षेपाकडे वळू. वजने उचलल्याने देह जड होतो आणि गती मंदावते, ही समजूत जुनी आहे. तिला छेद देणारी उदाहरणेही तितकीच जुनी आहेत. ऑस्ट्रेलियाचा हर्ब इलियट याला त्याचे प्रशिक्षक पर्सी सेरुटी वाळूच्या टेकड्यांवर धावावयास लावीत आणि लोखंडी बारही उचलावयास लावीत. त्या इलियटने १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये १५०० मीटरची शर्यत ३ मिनिटे ३५.६ सेकंदांत, जागतिक विक्रमासह जिंकली. आपल्या अविनाश साबळेचेच पाहा. बीड जिल्ह्यातील मांडव्याचा, महार रेजिमेंटमधून पुढे आलेला हा जवान ३००० मीटर स्टीपलचेस धावतो. त्या शर्यतीत एकूण ३५ वेळा अडथळे ओलांडावे लागतात आणि पुरुषांसाठी प्रत्येक अडथळा ९१.४ सेंटिमीटर उंच असतो. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने ८ मिनिटे ११.२० सेकंदांत रौप्यपदक मिळविले. त्याच्या अंगावर पैलवानी मांस कोठे दिसते?

शास्त्रज्ञांनी हा प्रश्न प्रयोगाने तपासला आहे. अमेरिकेतील रॉबर्ट हिक्सन यांचा १९८० मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास प्रसिद्ध आहे. दहा आठवडे एका गटाने केवळ ताकदीचा व्यायाम केला, दुसऱ्याने केवळ दमश्वासाचा आणि तिसऱ्याने दोन्ही केले. तिसऱ्या गटाची ताकद सातव्या आठवड्यापर्यंत वाढली, मग थबकली आणि शेवटी घसरली. पुष्कळांनी यावरून ‘दोन्ही एकत्र करू नये’ एवढाच बोध घेतला. परंतु नीट पाहावे. त्या गटाचे नुकसान झाले ते ताकदीच्या बाजूला. दमश्वासाची क्षमता केवळ धावणाऱ्यांइतकीच वाढली होती. म्हणजे या संघर्षाची चिंता भारोत्तोलकाने करावी, धावकाने नव्हे. अंग फुगण्याची भीतीही याच कारणाने निराधार ठरते, कारण एवढे धावणाऱ्याचे स्नायू सहजासहजी फुगतच नाहीत.

लाभाची बाजू फिनलंडच्या पावोलायनेन आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये दाखविली. त्यांनी मुरब्बी धावकांच्या एका गटाच्या एकूण सरावापैकी सुमारे एकतृतीयांश भाग नऊ आठवडे उड्या, वेगवान धावा आणि स्फोटक ताकदीच्या व्यायामांना दिला. त्या गटाची पाच किलोमीटरची वेळ सुधारली, आणि आश्चर्य असे की प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता जिथल्या तिथेच राहिली. मग सुधारले काय? सुधारली ती धावण्याची काटकसर. मोटारसायकलचे इंजिन तेच, पेट्रोलची टाकी तीच, पण ॲव्हरेज वाढले, असे समजावे. नॉर्वेतील २००८ च्या एका अभ्यासात धावकांनी जड वजनासह अर्ध्या बैठका काढल्या. प्रत्येक फेरीत फक्त चार, अशा चार फेऱ्या, आठवड्यातून तीनदा, आठ आठवडे. त्यांची ही काटकसर ५ टक्क्यांनी सुधारली आणि शरीराचे वजन वाढले नाही. आरंभीची ताकद मांस वाढून येत नाही. मेंदू आणि मज्जातंतू स्नायूतील अधिक तंतू एकाच वेळी कामास लावण्यास शिकतात, त्यातून ती येते.

‘फक्त चार’ हा आकडा वाचून तालमीत वाढलेल्या वडीलधाऱ्यांना हसू येईल. आमच्या वेळी विहारामागच्या मैदानात पहाटे शंभर-शंभर बैठका काढवून घेतल्या जात आणि त्यांचा मला आजही अभिमान आहे. तथापि एक भेद ध्यानी घ्यावा. जो व्यायाम सलग शंभर वेळा करता येतो, तो चिकाटी वाढवितो. कमाल ताकद वाढविण्यास तो पुरेसा जड नसतो. धावकाला चिकाटी धावण्यातून भरपूर मिळतच असते. त्याला हवा असतो तो असा भार, जो पाच-सहा वेळांनंतर आणखी एक-दोनदाच उचलता येईल. म्हणून जुनी बैठक टाकून देऊ नये, तिच्यावर वजन चढवावे.

आरंभ मात्र वजनाशिवायच. जानेवारीची शर्यत असेल, तर ऑगस्टमध्ये सुरुवात करावी. पहिले तीन-चार आठवडे खुर्चीवर बसून उठणे, जिन्याच्या पायरीवर एका पायाने चढणे, पाठीवर झोपून गुडघे वाकवून कंबर उचलणे आणि पायरीच्या कडेवर उभे राहून टाचा सावकाश वरखाली करणे, एवढे पुरे. टाचांचा व्यायाम कंटाळवाणा वाटतो म्हणून लोक तो टाळतात आणि पोटरी दुखली की मला फोन करतात! वसतिगृहाच्या दगडी पायऱ्या ज्यांना आठवत असतील, त्यांना यासाठी व्यायामशाळेची वाण कधीच भासणार नाही.

त्यानंतर भार वाढवावा. जिम जवळ असेल तर जाणत्या प्रशिक्षकाकडून बारसह बैठक आणि डेडलिफ्ट शिकून घ्यावी. नसेल तर पाठीवरच्या बॅगेत पुस्तके, दहा किलो पिठाची पिशवी किंवा पाण्याचे कॅन चालतील. दुहेरी पायाच्या बैठकीला घरातले वजन लवकरच अपुरे पडते, तेव्हा एका पायाचे व्यायाम करावेत. त्यात थोडे वजनही जड होते. प्रत्येक व्यायामाच्या तीन फेऱ्या, फेरीत पाच ते आठ वेळा, आणि मध्ये दोन ते तीन मिनिटे खरीखुरी विश्रांती. घाम निघाला नाही म्हणून व्यायाम झाला नाही, असे मानू नये. ताकदीच्या व्यायामाचे माप घाम नव्हे. पाठ ताठ राहिली का, गुडघा आत वळला का, हे पाहावे. श्वास कोंडून धरू नये. रक्तदाबाचा विकार असणाऱ्यांनी आणि चाळिशी ओलांडलेल्यांनी प्रारंभी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

कोणत्या दिवशी करावे, हा प्रश्न व्यायामाइतकाच मोलाचा आहे आणि इथेच बहुतेकांची चूक होते. ‘आज आरामाचा दिवस आहे, तर वजने उचलू’ असा विचार करू नये. मंगळवारी आणि गुरुवारी सकाळी वेगाच्या धावा असतील, तर त्याच दिवशी संध्याकाळी, किमान सहा तासांचे अंतर ठेवून, बलसंवर्धन करावे. त्यामुळे कठीण दिवस कठीण राहतात आणि सोपे दिवस खरोखर सोपे. रविवारच्या लांब धावेपूर्वी पाय मोकळे होण्यास दोन दिवस मिळतात. पहिल्या पंधरवड्यात धावताना पाय जड वाटतील आणि वेळ थोडी मागे पडेल. नेमक्या याच टप्प्यावर अनेकजण वजने सोडून देतात. त्याऐवजी धावण्याचे अंतर काही दिवस थोडे कमी करावे.

दुखण्याचे प्रकार ओळखता आले पाहिजेत. दोन्ही मांड्या दुसऱ्या दिवशी ठणकतात आणि दोन-तीन दिवसांत मोकळ्या होतात, ही नव्या श्रमाची खूण आहे. परंतु एकाच बाजूला, बोटाने दाखविता येईल अशा जागी, विशेषतः नडगीच्या हाडावर दुखत असेल आणि धावताना ते वाढत असेल, तर थांबावे आणि डॉक्टरांना दाखवावे. मुलींच्या मातांना एक विनंती आहे. सराव वाढल्यावर मुलीची पाळी अनियमित झाली किंवा बंद झाली, तर ‘खेळाडूंचे असे होतेच’ म्हणून दुर्लक्ष करू नका. बहुधा ती श्रमांच्या मानाने कमी खात असते आणि त्याची किंमत तिची हाडे मोजतात. योग्य देखरेखीखालील वजनांनी मुलांची उंची खुंटते, या समजुतीलाही आधार नाही.

खाण्याविषयी थोडेच लिहितो. या काळात शरीराच्या दर किलोमागे रोज सुमारे १.२ ते १.६ ग्रॅम प्रथिने लागतात. साठ किलोच्या व्यक्तीला ७२ ते ९६ ग्रॅम. एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम, शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत सुमारे २५ आणि तेवढ्याच कोरड्या सोयाबीन वड्यांत ५० च्या आसपास असतात. महागड्या डब्यांच्या पावडरीची गरज आपल्यापैकी फार थोड्यांना पडेल.

डिसेंबर उजाडला की आठवड्यातून एकच दिवस ठेवावा. भार तोच, फेऱ्या निम्म्या. मिळविलेली ताकद एवढ्याने टिकते. शर्यतीपूर्वीचे शेवटचे आठ-दहा दिवस पायांना जड वजन लावूच नये. त्या दिवसांत नवा व्यायाम, नवे बूट आणि नवा सल्लागार, तिन्ही वर्ज्य. शर्यतीनंतर दहा-बारा दिवसांनी पुन्हा खुर्चीपासून, विनावजन सुरुवात करावी. ज्या विद्यार्थिनीने मला पैलवानीबद्दल सुनावले होते, तिने मागच्या महिन्यात खुर्चीची परीक्षा दिली. उजव्या पायावर ती सहा वेळा उठली, डाव्यावर दोनदा. पुढची परीक्षा दिवाळीच्या सुट्टीत, याच मैदानावर ठरली आहे.